गोवराची लस घेतली होती का, गोवर होऊन गेला का? मोठेपणी कसं तपासायचं (बडोद्याच्या हिशोबाने)

मे-जून आला की आपल्या बडोद्यात अर्ध्या घरांमध्ये कोणीतरी कॅनडा नाहीतर अमेरिकेला निघालेलं असतं, आणि मग युनिव्हर्सिटीचा हेल्थ फॉर्म येतो, त्यात एमएमआरच्या (गोवर, गालगुंड आणि रुबेला म्हणजे जर्मन गोवर, या तिन्हींची एकत्र लस) दोन डोसच्या तारखा मागतात, आणि आईला फोन जातो की माझं लसीचं कार्ड कुठाय. आई म्हणते तुला सगळ्या लसी दिल्यात, कार्ड मात्र मांजलपूरला शिफ्ट झालो तेव्हा कुठे गेलं देव जाणे. मग कोणीतरी सांगतं की ब्लड टेस्ट करून घे, टायटर म्हणजे रक्तातल्या गोवराच्या अँटिबॉडीजचा आकडा येईल. पोरगा लॅबमध्ये जाऊन पैसे भरतो आणि रिपोर्ट घेऊन येतो, आणि त्या रिपोर्टचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं.

हा लेख त्या पोरांसाठी तर आहेच, पण बाळाचा विचार करणाऱ्या मुली, हॉस्पिटलात काम करणारे, घरात तान्हं बाळ असलेले आणि ज्यांना लवकरच इम्युनिटी दाबणारी औषधं सुरू होणार आहेत अशा सगळ्यांसाठी पण आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कागद हा रक्ताच्या रिपोर्टपेक्षा भारी असतो, आणि कागद नसेल तर बहुतेक निरोगी माणसांना टेस्टच्या मागे लागण्यापेक्षा सरळ लस घेणं सोपं पडतं. टेस्ट कोणाला खरंच कामाची आहे ते पुढे येईल.

आता गोवर म्हणजे लहान मुलांचा आजार, आपल्याला काय करायचंय, असं वाटत असेल तर थोडक्यात. हा माणसात पसरणाऱ्या सगळ्यात संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे, पेशंट खोलीतून निघून गेल्यावर सुद्धा व्हायरस हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती नसलेले दहा जण पेशंटच्या जवळ आले तर त्यातल्या नऊ जणांना होतो. अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासूनच माणूस तो वाटत फिरत असतो, म्हणजे साधा सर्दी-ताप समजून ऑफिसला जातो, बसमध्ये बसतो, नवरात्रीत गरब्याला पण जाऊन येतो. मोठ्या माणसात न्यूमोनियाचा त्रास जास्त होतो, साधारण हजारात एकाला मेंदूला सूज येते, गरोदरपणात झाला तर गर्भपात किंवा वेळेआधी डिलिव्हरीची भीती असते. आणि हा आजार संपलेला वगैरे नाही, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे केवढी साथ आली होती आठवत असेल, आणि कॅनडा जो कित्येक वर्षं गोवरमुक्त म्हणून गणला जायचा त्याचा तो दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला.

पहिलं काम: जन्मसाल बघा

आपल्या देशात सरकारी लसीकरणात गोवराची लस आली १९८५ मध्ये, ती पण सुरुवातीला थोड्याच जिल्ह्यांत, सगळीकडे पोचायला १९९० उजाडलं. तेव्हा एकच डोस होता, नऊ महिन्यांचं बाळ झालं की. दुसरा डोस सरकारी कार्यक्रमात २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. मग २०१७ पासून गोवर आणि रुबेला एकत्र असलेली एमआर लस सुरू झाली, आणि गुजरातमध्ये २०१८ मध्ये शाळाशाळांमधून मोठी मोहीम झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक एक्स्ट्रा डोस. प्रायव्हेटमध्ये बालरोगतज्ज्ञ पंधराव्या महिन्याच्या आसपास एमएमआर देत होतेच, पण ते ज्यांना परवडायचं आणि ज्यांचे डॉक्टर सांगायचे त्यांच्यासाठी.

यावरून तुमचा अंदाज असा लागतो. १९८५ च्या आधी जन्मलेले असाल तर लस मिळालेली असायची शक्यता कमी, पण गोवर होऊन गेलेला असायची शक्यता खूप, कारण तेव्हा गल्लीत एकाला झाला की सगळ्यांना व्हायचा. आणि खरा गोवर एकदा झाला की प्रतिकारशक्ती बहुतेक आयुष्यभर राहते. परदेशातल्या नियमांमध्ये पण अशी सालं ठरलेली आहेत, अमेरिकेत १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना गोवर झालेला आहे असंच धरून चालतात, ऑस्ट्रेलियात १९६६ आणि कॅनडा-इंग्लंडमध्ये १९७० ची रेघ आहे, आणि भारतात तर गोवर त्यानंतर पण कितीतरी वर्षं मोकाट फिरत होता. म्हणजे साठी ओलांडलेले आई-बाबा फिरायला किंवा नातवंडांकडे निघाले असतील तर उगाच त्यांना लॅबच्या चकरा मारायला लावू नका. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना मात्र फक्त जन्मसाल पुरत नाही.

खरी अडचण मधल्या लोकांची आहे, साधारण १९८५ ते २००३ च्या दरम्यान जन्मलेल्यांची. गोवर कमी व्हायला लागला होता म्हणून झालेला नसू शकतो, आणि लस मिळाली असेल तर एकच, ती पण नवव्या महिन्यात, जेव्हा आईकडून आलेल्या अँटिबॉडीज बाळाच्या अंगात अजून शिल्लक असतात आणि त्या लसीला नीट काम करू देत नाहीत. नवव्या महिन्यातला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागतो, वर्षानंतर दिलेला एक डोस ९३ टक्के, आणि दोन डोस झाले तर ९७ टक्के. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाला "लहानपणी लस झाली होती" हे आईचं वाक्य खरं असलं तरी अर्धंच काम झालेलं असतं.

त्यानंतर जन्मलेली म्हणजे आत्ता कॉलेजात असलेली पोरं बऱ्यापैकी सेफ, कारण त्यांना २०१८ च्या मोहिमेत शाळेत टोचलेलं असतं. त्यांना विचारा, डाव्या अंगठ्याला मार्करची खूण केली होती ते बऱ्याच जणांना आठवतं.

दुसरं काम: "मला झाला होता" याची उलटतपासणी

इथे आपल्याकडे खूप घोळ आहे. घरात आजी म्हणते गोवर निघाला होता, शेजारच्या गुजराती मोटाबा म्हणतात ओरी झाली होती, दोन्ही एकच. पण कोणी अछबडा म्हणत असेल तर त्या कांजिण्या, तो वेगळा आजार, त्याचा गोवराशी काही संबंध नाही. आणि कोणी नुसतं "माता आल्या होत्या" म्हणालं तर ते गोवर, कांजिण्या, काहीही असू शकतं, शीतळा सातमला थंड जेवण करून सगळ्याचा हिशोब एकाच मातेकडे दिलेला असतो.

तर आजीला असं विचारा: पाण्याने भरलेले फोड होते का, खाज सुटायची का, नंतर खपली धरली का? हो म्हणाली तर त्या कांजिण्या. उलट आधी तीन-चार दिवस जबरी ताप, नाक गळणं, खोकला, डोळे लालभडक, उजेड सहन होत नाही, आणि मग कानामागून आणि केसांच्या कडेपासून लाल सपाट पुरळ सुरू होऊन खाली छातीवर, पोटावर, पायापर्यंत उतरली, तर तो गोवर असण्याची शक्यता चांगली आहे. हलका ताप, एक-दोन दिवसांत गेलेली पुरळ आणि मानेमागे गाठी असं असेल तर रुबेला म्हणजे जर्मन गोवर असू शकतो, तो पण वेगळा.

पण एवढं करून सुद्धा हा पुरावा धरला जात नाही. तुमच्या स्वतःच्या समाधानासाठी ठीक आहे, फॉर्मवर मात्र "आजीने सांगितलं" चालत नाही, तिथे तेव्हाचा लॅबचा रिपोर्ट लागतो आणि तो १९९४ चा कोणाकडे असणार.

तिसरं काम: कागद शोधा, आणि नीट वाचा

यावर वेळ घालवा, लॅबमध्ये घालवण्यापेक्षा इथे घातलेला बरा. कुठे शोधायचं: आईच्या कपाटातली जन्मदाखला आणि शाळेच्या मार्कशीटची फाईल, जिथे जन्म झाला त्या हॉस्पिटलची छोटी पुस्तिका, लहानपणीच्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेली फाईल (डॉक्टर रिटायर झाले असतील तर त्यांचा मुलगा-सून तोच दवाखाना चालवत असतात, जुनी रजिस्टर कधीकधी सापडतात), शाळेचं हेल्थ कार्ड. गुजरातमधल्या तरुण पोरांचं ममता कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींचं सरकारी कार्ड) असेल. आर्मी, रेल्वे किंवा मोठ्या कंपनीच्या टाऊनशिपमध्ये वाढलेल्यांनी तिथल्या डिस्पेन्सरीत विचारून बघा, त्यांच्याकडे नोंदी बऱ्या असायच्या. अर्बन हेल्थ सेंटरमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर मिळेल अशी आशा फार ठेवू नका.

कार्ड मिळालं की लगेच "हो, झालंय" म्हणू नका, ओळ वाचा. त्यात "मीझल्स" म्हणजे गोवर लिहून नवव्या महिन्याच्या आसपासची तारीख असेल, तो पहिला डोस. मग पंधराव्या-सोळाव्या महिन्यात "एमएमआर" असेल, आणि काहींच्या कार्डावर चार-पाच वर्षांच्या वयात पुन्हा एमएमआर. नवीन कार्डांवर "एमआर १" आणि "एमआर २" असतं. नुसती टिकमार्क असेल आणि तारीख नसेल तर बाहेरच्या देशातली युनिव्हर्सिटी ती नोंद धरत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. अमेरिकेच्या नियमात पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस मोजतच नाहीत. म्हणजे आपला नवव्या महिन्याचा डोस तिकडे शून्य. कार्डावर नऊ महिन्याला मीझल्स आणि पंधरा महिन्याला एमएमआर असेल तर आपण म्हणतो दोन झाले, ते म्हणतात एकच झाला, अजून एक आणा. दोन डोसमध्ये कमीत कमी २८ दिवसांचं अंतर पण पाहिजे. आणि एमआर लसीत गालगुंडाचा भाग नसतो, त्यामुळे ज्यांनी २०१८ ला शाळेत एमआर घेतली त्यांचा तो एक डोस गोवर-रुबेलासाठी धरला जाईल पण गालगुंडासाठी युनिव्हर्सिटी वेगळं काहीतरी मागू शकते. हे सगळं ऑगस्टमध्ये विमानतळावर निघताना कळण्यापेक्षा मे मध्ये कळलेलं बरं, कारण दोन डोस घ्यायचे म्हटले की एक महिना तसाच जातो.

ज्यांच्या कार्डावर वर्षानंतरचे दोन डोस तारखेसकट आहेत, त्यांचं काम इथेच संपलं. टेस्ट नको, बूस्टर नको. कोणी लॅबवाला म्हणाला "एकदा टायटर बघून घ्या ना" तरी नको, कारण समजा ती निगेटिव्ह आली तरी नियम असा आहे की कागदावरचे दोन डोस टेस्टच्या वर धरायचे आणि पुन्हा लस द्यायची नाही. मग पैसे घालवून डोक्याला ताप कशाला.

चौथं काम: टेस्ट करायची की नाही हे ठरवा

स्वतःला एक प्रश्न विचारा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मी काय करणार आणि निगेटिव्ह आला तर काय करणार? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर टेस्टचा उपयोग नाही.

कागद नसलेला, तिशीतला, निरोगी माणूस असेल तर बहुतेक वेळा उत्तर लस हेच असतं. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्याला एमएमआर दिली तरी त्याचं काही नुकसान होत नाही, अंगातल्या अँटिबॉडीज त्या लसीच्या व्हायरसला तिथेच गप्प करतात. शिवाय एमएमआरचा डोस प्रायव्हेटमध्ये काहीशे रुपयांत होतो, आणि टेस्ट बऱ्याचदा तेवढीच किंवा त्याहून महाग पडते, आणि ती निगेटिव्ह आली तर लस घ्यावी लागणारच.

टेस्ट खरंच उपयोगी पडते ती अशा लोकांना. बाळाचा विचार चालू आहे आणि लस घेऊन महिनाभर थांबावं लागणार, त्या मुलीला आधी कळलं तर बरं. जी आत्ताच गरोदर आहे आणि घरात किंवा ऑफिसात गोवराची केस निघाली, तिला तर लगेच. ज्याला लस देताच येत नाही, म्हणजे किमोथेरपी, ट्रान्सप्लांट, मोठ्या डोसचे स्टेरॉईड वगैरे चालू आहे, त्याचं संरक्षण किती आहे हे डॉक्टरला कळायला हवं. ज्याला संधिवात किंवा पोटाच्या आजारासाठी बायोलॉजिकवाली (इम्युनिटी दाबणारी) औषधं सुरू होणार आहेत त्याने तर सुरू व्हायच्या आधीच विषय काढावा, कारण लस द्यायची असेल तर ती त्या औषधांच्या कमीत कमी चार आठवडे आधी द्यावी लागते आणि एकदा औषध सुरू झालं की दार बंद. आणि शेवटचे ते लोक ज्यांच्या युनिव्हर्सिटीने किंवा हॉस्पिटलने टायटर चालेल असं लिहून दिलंय आणि ज्यांना खात्री आहे की लहानपणी खरा गोवर झाला होता. त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह येईल आणि सुई वाचेल.

पाचवं काम: लॅबमध्ये काय मागायचं

नाव नीट सांगा: मीझल्स आयजीजी. आयजीएम नाही. आयजीएम ही आत्ता आजार चालू आहे का ते बघायची टेस्ट आहे, आयजीजी म्हणजे जुनी प्रतिकारशक्ती. काउंटरवर दोन्हीचं पॅकेज करून देतात, नको म्हणून सांगा.

दुसरा घोळ असा की लॅबच्या लिस्टमध्ये गोवराचं एक नाव रुबिओला असतं आणि जर्मन गोवराचं रुबेला, आणि काउंटरवरची मुलगी घाईत दुसरंच टाकते. पावतीवर वाचून घ्या. गरोदरपणाआधी जी टॉर्च टेस्ट करतात त्यात रुबेला असतं, गोवर नसतो, त्यामुळे "माझी टॉर्च नॉर्मल आहे" याचा गोवराशी संबंध नाही. बाळाचा विचार करणाऱ्यांनी मात्र दोन्ही बघावं, मीझल्स आयजीजी आणि रुबेला आयजीजी, कारण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान यांना कायमचा धक्का बसू शकतो, आणि लस दोन्हीची एकच आहे.

उपाशी पोटी जायची गरज नाही, हाताच्या शिरेतून साधं रक्त घेतात. सयाजी हॉस्पिटलसमोर असो नाहीतर अलकापुरीत असो, गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर ही टेस्ट तिथल्या तिथे होत नाही, सॅम्पल बऱ्याचदा अहमदाबाद किंवा मुंबईच्या मोठ्या लॅबला जातं, तेव्हा रिपोर्ट कधी येणार ते आधी विचारा. तीन गोष्टी लॅबवाल्याला आणि डॉक्टरला सांगा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, काही मशीनवर त्याने रिझल्ट उलटसुलट येतो, दोन-तीन दिवस आधी बंद ठेवलेलं बरं. गेल्या काही महिन्यांत रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडीज) चढवलं असेल तर सांगा, कारण मग दुसऱ्याच्या अँटिबॉडीज तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतील. आणि एमएमआर नुकतीच घेतली असेल तर टेस्ट करूच नका.

सहावं काम: रिपोर्ट वाचणं

तीन उत्तरं येतात, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि मधलं ते इक्विवोकल. आकड्यांकडे बघून घाबरू नका आणि खूश पण होऊ नका, कारण प्रत्येक मशीनची पट्टी वेगळी. एका प्रचलित मशीनवर १३.५ च्या खाली निगेटिव्ह आणि १६.५ पासून पुढे पॉझिटिव्ह, दुसऱ्या एकावर ०.७ पासूनच पॉझिटिव्ह. त्यामुळे बायकोचा ३०० च्या वर आला आणि माझा १.८ म्हणजे मी कमजोर, असं काही नसतं, वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांना लावून बघण्यात अर्थ नाही. शेजारच्या कॉलममध्ये त्याच लॅबची रेंज दिलेली असते तेवढीच बघा. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, जास्त आकडा म्हणजे जास्त सुरक्षित असं धरायचं नाही.

पॉझिटिव्ह आला, रक्त-बिक्त चढवलेलं नाही, तर झालं. रिपोर्टची पीडीएफ जपून ठेवा, त्यावर नाव पासपोर्टप्रमाणे आहे का बघा, "भाई" "बेन" लावलेलं नाव असेल तर बदलून घ्या, बडोद्यात हे हमखास होतं.

निगेटिव्ह आला आणि कागद पण नाही, तर तुम्हाला प्रतिकारशक्ती नाही असं धरून दोन डोस. इक्विवोकल आणि कागद नाही, तरी तेच, पुन्हा पुन्हा टेस्ट करत बसू नका. एक डोसचा कागद आहे आणि रिपोर्ट निगेटिव्ह, तर दुसरा डोस घ्या. लस घेतलेल्या माणसात या टेस्ट कधीकधी खोट्या निगेटिव्ह येतात, कारण लसीने तयार झालेल्या अँटिबॉडीज खऱ्या आजारापेक्षा कमी असतात आणि नेहमीच्या किटला त्या दिसत नाहीत, म्हणूनच वर म्हटलं की दोन डोसचा कागद टेस्टच्या वर.

सातवं काम: लस कुठे आणि कशी

सरकारी केंद्रात एमआर फुकट आहे पण ती लहान मुलांसाठी, तिशीतल्या माणसाला तिथून परत पाठवतील, त्यात त्यांची चूक नाही. तुमचा फॅमिली डॉक्टर मागवून देऊ शकतो, पण सोपं म्हणजे बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना, त्यांच्या फ्रीजमध्ये एमएमआर कायम असते. पोरांच्या रांगेत एकटे मोठे बसायला थोडं ऑकवर्ड वाटेल, फोन करून दुपारची वेळ मागा. मेडिकल स्टोअरमधून लस घेऊन पिशवीत टाकून स्कूटरवर फिरू नका, बडोद्याच्या मे महिन्यात तर अजिबात नाही, ही लस २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे आणि उन्हाने खराब होते. जिथे टोचणार तिथेच स्टॉक असलेला बरा.

जायच्या आधी हे तपासा. गरोदर असाल तर एमएमआर नाही, आणि घेतल्यावर चार आठवडे गर्भ राहू द्यायचा नाही. बाळाला अंगावर पाजत असाल तर चालते. घरात दुसरी कोणी गरोदर असेल तर तुम्ही घेऊ शकता, उलट घ्यावीच. प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असेल, निओमायसिन किंवा जिलेटिनची मोठी अ‍ॅलर्जी झालेली असेल, तर नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर चालते, याबद्दल उगाच भीती आहे. मोठ्या डोसचं स्टेरॉईड दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर बंद केल्यावर निदान महिनाभर थांबावं लागतं, रक्त चढवलं असेल तर सहा-सात महिने. कांजिण्यांची किंवा यलो फीव्हरची लस पण घ्यायची असेल (आफ्रिकेला जाणारे आपल्याकडे पुष्कळ) तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर मध्ये २८ दिवस. टीबीची स्किन टेस्ट फॉर्मवर असेल तर ती लसीच्या दिवशीच लावून घ्या, नाहीतर पुढे चार-सहा आठवडे लटकाल.

टोचल्यावर लगेच फारसं काही होत नाही. आठवड्याने-दहा दिवसांनी थोडा ताप किंवा हलकी पुरळ येऊ शकते, बायकांना काही दिवस सांधे दुखू शकतात, तो रुबेलाच्या भागाचा परिणाम असतो आणि जातो. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशी घेतलेला डोस फॉर्मवर शोभतो, प्रवासात कामाचा नाही. दुसरा डोस २८ दिवसांनी किंवा नंतर, उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

निघताना लेटरहेडवर सर्टिफिकेट मागा: पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, सही-शिक्का. बाटलीवरचं स्टिकर त्यावरच चिकटवून घ्या. महिना अक्षरात लिहायला सांगा, ०५/०६ चा अर्थ अमेरिकेत ६ मे होतो आणि त्यावरून फॉर्म परत आलेले आहेत. युनिव्हर्सिटीचा स्वतःचा फॉर्म असेल तर तो प्रिंट करून सोबतच न्या म्हणजे दुसरी चक्कर वाचते.

आणि कोणाचा संपर्क आलाच तर

शेजारी, ऑफिसात किंवा प्रवासात गोवराची केस निघाली आणि तुमच्याकडे कागद नाही, तर टेस्टच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. संपर्कापासून ७२ तासांच्या आत एमएमआर घेतली तर आजार टळू शकतो किंवा हलका होतो. गरोदर बाई, छोटं बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस यांना लस देता येत नाही, त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देतात, म्हणून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला फोन करा. पुढचे तीन आठवडे ताप, खोकला, लाल डोळे यांवर लक्ष ठेवा, आणि काही दिसलं तर दवाखान्यात थेट जाऊन वेटिंग रूममध्ये बसू नका, आधी फोनवर "गोवराचा संशय आहे" असं स्पष्ट सांगा म्हणजे ते तुम्हाला वेगळ्या दाराने किंवा ओपीडी संपल्यावर बोलावतील. तेव्हाची टेस्ट आयजीएमची, आणि घशाचा स्वॅब, ती डॉक्टरच सांगतील.